सोफ्याचा मान

“राही, मांजर सोफ्यावर चढता कामा न्हाई. कारखान्याचे चेअरमन येतील, तेच पयल्यांदा बसतील.” एवढं बजावून सुभेदार आकाराम कालच औंधला गेले. बायकोनं ‘व्हय’ म्हणून शब्द दिला. माणसांना बजावायची गरजच नव्हती. कऱ्हाडहून सोफा आल्यापासून सारं घर त्याच्यापुढं घोंगडं टाकूनच चहा पीत होतं. चेअरमन येणार येणार म्हणता दिवाळीही सरली होती.

आज सोमवार. राहीबाईंचं दिवस मावळेपर्यंत मौन असायचं, आणि मनी मांजरीला वार बरोबर कळायचा. ती सोफ्यावर ऐसपैस पसरली. राहीबाईंनी तिला अलगद उतरवलं, ती पुन्हा चढली. मुक्या जिवावर हात उगारायचा नाही, हेही त्यांचं व्रतच.

शेजारची जरिना दारातून म्हणाली, “आवं काकू, चेअरमन आले की तुमचे. मिशाबी लय झोकात हायत.”

राहीबाईंना हसू आलं, पण ओठ मिटलेलेच राहिले. सोफा रिकामा दिसला की मनी चढणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. दिलेला शब्द मोडणं त्यांच्यानं होणार नव्हतं.

त्यांनी मनीला पुन्हा खाली ठेवलं, पायपुसण्यावर पाय स्वच्छ पुसले, जपमाळ हातात घेतली आणि सोफ्यावर मधोमध बसायला निघाल्या.