टाळीने कापलेली चार पानं

बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात वाचनबाईंना सतरा वर्षं झाली होती. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचायची, यंत्रात भरायची आणि पोस्टाने घरोघर पाठवायची, असं तिथलं काम. वाचायची खोली न्हाणीघराएवढी. भिंतींना करडा स्पंज, दाराला दुहेरी रबरी पट्टी, टेबलावर माइक आणि समोर एक काच. काचेपलीकडे मशीनकाका बसत. ते तीस वर्षं कानाला हेडफोन लावून होते, पण त्यांच्या कानात कथा म्हणून कधी शिरली नाही. त्यांना फक्त खरखर ऐकू यायची.

वाचताना चूक झाली तर तिथला एक रिवाज होता. चिडायचं नाही, माफी मागायची नाही. टाळी वाजवायची, श्वास घ्यायचा आणि वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घ्यायचं. टाळीचा काकांच्या पडद्यावर उंच सुळका उमटे. संध्याकाळी काका ते सुळके शोधून टाळीच्या आधीचं चुकलेलं कापून टाकत. एक टाळी म्हणजे एक वाक्य. तीन टाळ्या म्हणजे मागच्या मोठ्या विरामापर्यंतचं सगळं. तीन टाळ्यांची पाळी क्वचितच येई, म्हणजे खोकल्याची उबळ आली किंवा दोन पानं एकदम उलटली गेली तरच.

दुसरा नियम साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. वाचकाने पुस्तकात शिरायचं नाही. रडायचं नाही, सुधारायचं नाही, गाळायचं तर मुळीच नाही. तसं केलं की कायमचं घरी.

वाचनबाईंना घरी जायची हौस नव्हती. घर म्हणजे चौथ्या मजल्यावरची एक खोली. अठरा वर्षांपूर्वी त्या नवऱ्याचं घर सोडून निघाल्या, तेव्हा मारझोड नव्हती, दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती, आणि म्हणूनच त्यांचं निघणं कोणाच्या गळी उतरलं नाही. नवरा त्यांच्याकडे न बघता बोलायचा आणि उत्तराची वाट बघायचा नाही, एवढं एकच कारण. तेवढ्यासाठी कोणी घर सोडतं का, असं आई म्हणाली, बहीण म्हणाली. नऊ वर्षांची मुलगी काहीच म्हणाली नाही. तिने बापाचा हात धरला तो धरलाच. वाचनबाईंनी सगळ्यांना नव्या जागेचा नंबर लिहून दिला होता. पहिल्या दिवशी त्या फोनजवळ बसून राहिल्या. पोहोचलीस का, एवढं तरी कोणी विचारील असं त्यांना वाटलं होतं.

कोणी विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. आता त्या रोज सहा तास बोलत आणि उरलेले अठरा तास त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. रविवारी संध्याकाळी तर आपला आवाज आहे की गेला, हे बघायला त्या भाजीच्या पिशवीवरची अक्षरं मोठ्याने वाचत.

जुन्या रशियन कादंबऱ्या त्यांच्याच वाट्याला येत, कारण त्या जाड असत आणि बाकीच्या वाचकांचा घसा बसे. अशा सहा वाचून झाल्यावर त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. लिहिणारा मोठा माणूस, यात वाद नाही. बाईच्या पोटात काय चाललंय ते तिच्या आईलाही कळणार नाही इतकं त्याला कळतं. पुरुषांना तो हुद्दे देतो, आणि बायका कोणाची तरी बायको, कोणाची तरी लेक, कोणाच्या तरी आश्रयाला राहिलेली मावशी. पण हेही तो जाणूनबुजून दाखवतो. घर सोडून आलेली बाई दिवाणखान्यात शिरली की बाकीच्या बायका कशा आपापल्या बांगड्यांकडे बघू लागतात, आणि तिच्याबरोबर चुकलेला पुरुष आठवड्याभरात पत्ते कुटायला क्लबात कसा हजर होतो, यातलं काही तो झाकून ठेवत नाही. आणि एवढं सगळं कळूनसवरून शेवटी तिलाच मारतो. क्षय, मठ, नाहीतर नदी. तिला ठेवायचं कुठे, हेच बिचाऱ्याला सुचत नाही.

सहा जणींना वाचनबाईंनी स्थिर आवाजात त्यांच्या शेवटापर्यंत पोहोचतं केलं होतं. सातवीपाशी त्या अडकल्या.

सातवी एका न्यायाधीशाची बायको होती. दोनशे पानं तर लेखक तिला तेवढंच म्हणत होता. ती कोणावर भाळून निघाली नव्हती. नदीपलीकडच्या गावात शाळा काढायची म्हणून निघाली होती, एकटी. अलीकडच्या काठावर ती पाच दारं ठोठावते. गाडीवान नाही म्हणतो, सरायवाला नाही म्हणतो, धर्मगुरूची बायको खिडकीचा पडदा ओढून घेते. मग ती गोठलेल्या नदीवरून चालत निघते. समोरच्या काठावर एक दिवा दिसत असतो. इथे लेखकाने एक ओळ मोकळी सोडली आहे. पुढच्या चार पानांत बर्फ फुटतो.

वाचनबाईंनी मोकळ्या ओळीपाशी नियमाप्रमाणे मोठा विराम घेतला. मग चारही पानं नीट वाचली. आवाज हलला नाही, एक अक्षर चुकलं नाही. पुस्तक मिटलं. आणि मग त्यांचे हात वर आले आणि त्यांनी तीन टाळ्या वाजवल्या.

काचेपलीकडे काकांनी नुसती मान हलवली. आता बाई पानं पुन्हा वाचणार, असं कोणालाही वाटलं असतं. बाईंनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "पुस्तक समाप्त."

पुस्तक हातात धरून ताडून बघणारे गृहस्थ वर्षापूर्वीच निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरलेली नव्हती. काकांनी सुळके बघून चार पानं कापली आणि कादंबरी तशीच गेली. गावोगावच्या बंद डोळ्यांपुढे न्यायाधीशाची बायको दिव्याकडे चालत राहिली.

दोन महिन्यांनी साहेबांनी बोलावलं. "एक श्रोत्या येतायत गुरुवारी. ती बर्फाची कादंबरी वाचणाऱ्या बाईंनाच भेटायचंय म्हणतात. काही गडबड नाही ना?"

"नाही," वाचनबाई म्हणाल्या. ही खोली गेली तर त्यांच्या आवाजाला जायला जागा उरणार नव्हती.

गुरुवारी आलेली बाई साठीची होती. पांढरी काठी, घट्ट अंबाडा आणि हातात कापडी नव्हे, चांगली प्रवासाची बॅग. ती टॅक्सीने एकटी आली होती. पूर्वी शाळेत इतिहास शिकवायची. पंचेचाळिशीत दृष्टी गेली तेव्हापासून भावाच्या घरी होती. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. वाचनबाईंनी तिला चहाच्या खोलीत बसवलं आणि दार लोटलं.

त्यांची नजर बॅगेवरून हलेना. त्यांना वाटलं, झालं. हिने आपलं ऐकलं आणि हिनेही घर सोडलं. न दिसणारी बाई, साठीची, आपण तोडलेल्या गोष्टीच्या भरवशावर बर्फावर उतरली. नोकरीची भीती त्या क्षणी कुठल्या कुठे गेली.

"तुम्हाला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "त्या पुस्तकात ती पोहोचत नाही. बर्फ फुटतो, ती बुडते. चार पानं आहेत तशी. मी ती काढून टाकली. तुम्ही घरी परत जा. मी येते पोहोचवायला."

मास्तरीणबाईंनी चहाचा कप चाचपून खाली ठेवला. "अहो, माहितीये मला. डोळे होते तेव्हा दोनदा वाचलंय मी ते. मी तर बंद करायच्या बटणावर बोट ठेवून बसले होते. म्हटलं, आता बुडेल, ते नको ऐकायला. तर तुम्ही म्हणालात, पुस्तक समाप्त."

"मग तुम्ही तक्रार करायला आलात?"

"तक्रार आहेच. पण आधी मला एक विचारायचंय. म्हटलं, जिने ही पानं कापली ती स्वतः कुठून तरी निघालेली असणार. उगाच कोणी कापत नाही. तुम्ही निघालात ना?"

"हो."

"पलीकडे काय आहे?"

हा प्रश्न अठरा वर्षांत वाचनबाईंना कोणी विचारला नव्हता, आणि गोड उत्तर द्यायची आता सोय नव्हती. "एक खोली आहे. एक ताट आहे. कुलूप आपणच लावायचं, आपणच काढायचं. सुरुवातीला रडू येतं, नंतर तेही येत नाही. माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही. तिचं लग्न झालं ते मला तिसऱ्याकडून कळलं. आजारी पडलं की आपणच आपल्याला म्हणायचं, ऊठ, पाणी पी."

"परत जावंसं वाटतं?"

"नाही," वाचनबाई म्हणाल्या. उत्तर इतकं चटकन आलं की त्या स्वतःच चपापल्या. "परत नाही. पण कोणीतरी यावंसं वाटतं."

"म्हणजे बर्फ फुटत नाही."

"फुटत नाही. गार मात्र फार असतो."

मास्तरीणबाई हसल्या. मग त्यांनी आपलं सांगितलं. भाऊ वाईट नव्हता, भावजयही नव्हती. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. "काही कमी नाही हो. फक्त मला ठेवलंय. पाहुणे आले की भावजय सांगते, या आमच्या वन्सं, यांचं आम्हीच बघतो. दहा हजार दिवस असेच काढायचे नाहीत मला. तेवढे उरलेतही कुठे." बायकांच्या एका वसतिगृहात तळमजल्यावर खोली मिळाली होती, तिथल्या मुलींना इतिहास शिकवायच्या बदल्यात. ते ठरवून, कागदावर अंगठा नव्हे, सही करूनच त्या निघाल्या होत्या.

"आणि तक्रार?" वाचनबाईंनी विचारलं.

"ती चार पानं परत भरा."

"तुम्हालाच ऐकवत नव्हती ना?"

"नव्हती. तरी भरा. तिच्यासाठी एकाने जरी दार उघडलं असतं तर ती बर्फावर गेली नसती, हे त्याच चार पानांत आहे. तुम्ही तिला वाचवलंत, ठीक. पण त्याबरोबर तो सरायवाला सुटला, ती पडदा ओढणारी सुटली. आता ऐकणाऱ्याला वाटतं, बघा, गेली की नीट, मग आपण कशाला उठायचं दार उघडायला."

हे वाचनबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

फेरभरणीला साहेबांची सही लागते आणि अर्जात कारण लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं, 'वाचकाने मजकूर मुद्दाम गाळला.' साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे समितीपुढे ठेवावं लागेल, बाई. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"ठेवा."

"खोकला झाला असं लिहिता आलं असतं."

"नव्हता झाला."

साहेबांनी सही केली आणि कागद ट्रेमध्ये उलटा ठेवला.

दुपारी वाचनबाई खोलीत बसल्या. काकांनी आपला जादा हेडफोन मास्तरीणबाईंना दिला होता. त्या काचेपलीकडे बॅग मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. बर्फ फुटला. बाई बुडाली. अलीकडच्या काठावर पाच खिडक्यांत दिवे लागले आणि माणसं बघायला बाहेर आली, दारं सताड उघडी टाकून. शेवटची ओळ झाल्यावर काकांनी सुळक्याची वाट बघितली. सुळका आला नाही. काकांनी हेडफोन काढला आणि चष्मा पुसत राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी ऐकू आलं असावं.

संध्याकाळी वाचनबाईंनी मास्तरीणबाईंना वसतिगृहात पोहोचवलं. दारापासून खाटेपर्यंत किती पावलं, नळ कोणत्या हाताला, ते दोघींनी मोजून बघितलं. निघताना मास्तरीणबाईंनी त्यांचा नंबर विचारला आणि दोनदा म्हणून पाठ केला. वाचनबाईंना वाटलं, तोंडदेखलं असेल. नंबर त्यांनीही एकदा सगळ्यांना दिला होता.

चार मजले चढून त्यांनी कुलूप काढलं. दिवा लावला, पिशवी खुंटीला अडकवली. समितीची बैठक महिनाअखेरीला होती. तोवर ती न्हाणीघराएवढी खोली त्यांची होती, पुढचं पुढे. त्या चपला काढत होत्या तेवढ्यात फोन वाजला. त्यांना आधी वाटलं, शेजारचा असेल.

"वाचनबाई? मी बोलतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पोहोचलात का?"

वाचनबाईंनी तोंड उघडलं. सतरा वर्षं ज्या गळ्यावर पोट भरलं तो ऐन वेळी दगा देऊन बसला. पहिलं अक्षर निघालं ते फुटून, मग दुसरंही तसंच. पलीकडून कोणी फोन ठेवला नाही. वाचनबाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, सवयीने एक टाळी वाजवली, श्वास घेतला आणि वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.

"हो. पोहोचले."