तीनशे बारा घरांचा एक नंबर

वस्तीत तिला सगळे नंबरवाली म्हणायचे आणि त्यात कौतुक फारसं नव्हतं. तीन वर्षं ती सभा घेत, पत्रकं वाटत, ज्याच्या त्याच्या मागे लागत फिरत होती: इंटरनेटवर कनेक्शन ज्यावरून ओळखतात ते जुने नंबर संपत आलेत, नव्या पद्धतीचे घ्या, प्रत्येक घराला स्वतःचा मिळेल. लोक माना डोलवायचे आणि विसरायचे. सगळ्यात पक्का विसरभोळा तिचा सख्खा थोरला भाऊ. वस्तीला कनेक्शन देण्याचा धंदा त्याचाच होता, आणि तीनशे बारा घरं त्याने एकाच जुन्या नंबरावर कोंबली होती. चाललंय ना, मग कशाला हात लावायचा, हे त्याचं तत्त्वज्ञान.

नंबर कुणाला दिला ते वहीत लिहावं लागतं. तीनशे बारा नावं कोण लिहीत बसणार? दादाने पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं आणि वही मिटली. ते पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरचा घड्याळवाला.

त्या दुपारी ती ऑफिसात शिरली तेव्हा दादा पांढराफटक पडला होता. वही टेबलावर उघडी होती. गॅरेजवाल्याच्या मुलीचा फोटो कुणीतरी घाणेरडा करून शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला होता, आणि तो कुठल्या नंबरावरून आला ते शाळेतल्या कॉम्प्युटरच्या मास्तरांनी शोधून चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. गॅरेजवाला पाच जणांना घेऊन आला, हातातला मोठा पाना टेबलावर आपटला आणि नंबर कुणाचा ते विचारलं.

"वहीत जे होतं ते वाचून दाखवलं," दादा म्हणाला. "मी दुसरं काय करणार?"

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली तिला. पण तेवढाही वेळ नव्हता. ती कोपऱ्याकडे धावत सुटली.

दुकानाची काच रस्त्यावर पसरली होती. घड्याळवाल्याला दोघांनी त्याच्याच काउंटरवर पालथं दाबून धरलं होतं. डावा हात आधीच ठेचलेला, आता उजवा पुढे ओढला होता. काल-परवा त्याच्याकडून पट्टे बदलून घेतलेले शेजारी बाहेर हाताची घडी घालून उभे होते. तिला त्या सगळ्यांची किळस आली.

"याच बोटांनी टाकलास ना?" गॅरेजवाल्याने विचारलं.

घड्याळवाल्याच्या तोंडात रक्त होतं, त्याला बोलता येईना. पाना खाली आला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, मग किंकाळी. ती मध्ये घुसली, कुणाचं तरी कोपर तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. तरी तिने गॅरेजवाल्याच्या खिशातला फोन उपसलाच. गॅरेज समोरच होतं, त्याचं वायफाय इथवर पोचत होतं. फोन इंटरनेटवर कुठल्या नंबराने दिसतो ते दाखवणारं पान उघडून तिने फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

त्याने खिशातली चिठ्ठी काढली. एकेक आकडा ओठ हलवत ताडून पाहिला.

"हा तर तोच आहे."

"तुमच्या फोनचा आहे," ती म्हणाली. "माझाही तोच, बाहेर उभ्या आहेत त्या सगळ्यांचाही तोच. तीनशे बारा घरांत एक नंबर आहे. आता धरा एकेकाचा हात काउंटरवर."

दाबून धरणाऱ्या दोघांनी हात काढले. घड्याळवाला कण्हत होता. गॅरेजवाल्याने चिठ्ठी चुरगाळली.

"मग याचं नाव दिलं कुणी?"

आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं. तिने सांगायची गरजच नव्हती, वही कुठे असते ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ती ऑफिसात पोचेपर्यंत ते पोचले होते. दादा पळाला नव्हता, वही छातीशी धरून बसला होता. वही फाटली, त्याच्या तीन बरगड्या मोडल्या आणि डावा डोळा गेला. ती त्याच्या अंगावर आडवी पडली, पाठीवर दोन तडाखे खाल्ले, तेव्हा कुठे ते थांबले.

पोलिसांनी गॅरेजवाल्याला दोन दिवस ठेवून सोडलं. साक्षीला कुणी उभंच राहिलं नाही.

महिन्याभरात ऑफिसपुढे नव्या नंबरांसाठी रांग लागली. पहिला गॅरेजवाला. त्याने फॉर्मवर सही केली आणि हळूच विचारलं, "आता प्रत्येक घराला वेगळा. म्हणजे पुढच्या वेळी बरोबर माणूस सापडेल ना?"

ह्या रांगेसाठी तिने तीन वर्षं घसा कोरडा केला होता.

"नाव कोर्टाला मिळेल," ती म्हणाली. "तुम्हाला नाही."

"बघू," तो म्हणाला आणि हसला.

त्याच्यामागे घड्याळवाला उभा होता, दोन्ही हात प्लास्टरमध्ये. त्याची बायको त्याचा फॉर्म भरत होती. त्याने सगळं ऐकलं होतं.

"राहू दे," तो बायकोला म्हणाला. "आपल्याला नको नंबर."

बायकोने प्रश्नार्थक नजरेने नंबरवालीकडे पाहिलं. तिने तो अर्धवट फॉर्म घेतला, फाडला आणि दोघांना दारापर्यंत सोडायला गेली.