दिवळीतला चौथा डबा

मी बोलतोय, समाजमंदिराच्या दिवळीतून. दिवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा. पूर्वी इथे पणती असायची. तिचं काजळ अजून माझ्या पाठीला लागतं. मी आहे बिनतारी स्पीकर. काळा, पाण्याच्या तांब्याएवढा उंच. गावातले लोक मला डबा म्हणतात. आम्ही चार डबे, त्यातला मी चौथा.

जन्म कारखान्यातला. एकाच साच्यातून निघालो, एकेकदा बोलून दाखवलं आणि खोक्यात निजलो. मला जाग आली ती बंगळुरूला, भूमिकाच्या हातात. ती तिथे शिकली, थोडे दिवस नोकरी केली आणि एके दिवशी सगळं सोडून गावी निघाली. बॅगेत कपडे कमी आणि आम्हीच जास्त. गोंदिया स्टेशनवर तिची आई, वच्छला, घ्यायला आली होती. बॅग उचलून बघत ती म्हणाली, "का भरून आणलंस माय यात, गोटे?"

"आवाज आणला, आई," भूमिका म्हणाली. तिला ते अगदी मनापासून वाटत होतं.

आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे. गावाला लागून बोडी आहे, म्हणजे लहान तलाव. वच्छलाची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, थोडकी, नवरा कामासाठी रायपूरकडे. घर चालायचं ते बोडीतल्या शिंगाड्यांवर. पावसाळ्यात वेल लावायचे, दिवाळीच्या आगेमागे डोंग्यात बसून शिंगाडे तोडायचे. त्या काट्यांनी तिच्या बोटांची सालटी गेली होती. भूमिकाचं शिक्षण त्याच काट्यांतून निघालेलं.

आता या खोलीबद्दल सांगतो. समाजमंदिर बांधायला काढलं तेव्हा मधेच मातामायचं, म्हणजे गावदेवीचं, ठाणं आलं. मायला हलवायचं कोणी? भिंतच वळवली. म्हणून ही खोली काटकोनात मोडलेली आहे. लांब हातात सरपंचाची खुर्ची आणि पुरुष बसतात. वळणापलीकडच्या आखूड हातात बाया. तिथून खुर्ची दिसत नाही, खुर्चीवरून बाया दिसत नाहीत, आणि गावाला ही सोयच वाटत आली आहे. कारण नवऱ्याचा थोरला भाऊ, ज्याला इकडे भासरा म्हणतात, त्याच्यासमोर सुनेनं उभं राहू नये, बोलू नये. सरपंच लीलाधर हे वच्छलाचे सख्खे भासरे.

लहानपणी भूमिका आईच्या मांडीवर त्या आखूड हातात बसायची. ग्रामसभेतलं एक अक्षर तिकडे पोचत नसे. बाया लसूण सोलायच्या, सभा संपली की अंगठे उठवून घरी जायच्या. हे तिच्या मनात राहिलं होतं. आवाज सगळ्यांपर्यंत सारखा पोचला की सगळं बदलेल, असं ती म्हणायची. तिचं बोलणं ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं.

या वेळी तर घाईच होती. बोडी बाहेरच्या ठेकेदाराला मासळीसाठी द्यायचा ठराव येणार होता. ठेकेदार तारेचं कुंपण घालणार आणि शिंगाड्याचे वेल उपटून टाकणार, ही गोष्ट गावभर झाली होती.

भूमिका कामाला लागली. आधी आम्हा चौघांना समोर ओळीनं ठेवलं. वळणापलीकडे नुसती गुणगुण. मग दोघांना समोर आणि दोघांना वळणावर ठेवलं, तर एकच वाक्य पुढेमागे दोनदा ऐकू यायला लागलं. खोली झाडणारी शामकलाबाई केरसुणी टेकवून म्हणाली, "सरपंच एक, अन् बोलून राहिले दोन. आधीच एक सोसत नाही."

भूमिका हसली, पण हटली नाही. टाळ्या वाजवत भिंतीभिंतीनं फिरली. माझे भाऊ खांबांवर चढले, मी वळणावरच्या या दिवळीत आलो. मोबाईलवर बोट सरकवून तिनं आमच्या आवाजातला मागेपुढेपणा जुळवला. आखूड हातात आईला बसवलं आणि समोरून माईकमध्ये बोलली, "आई, येतो का आवाज?"

"येऊन राहिला," वच्छला म्हणाली. मी गप्प होतो, खोली रिकामी होती. म्हणून तिचं उत्तर वळण ओलांडून भूमिकाला ऐकू गेलं. भूमिका नाचायचीच बाकी राहिली.

सभेच्या दिवशी खोली भरली. माणसं आवाज पितात. आमचा दम अपुरा पडतोय हे बघून भूमिकानं आम्हाला पूर्ण मोठं केलं. ती खुर्चीशेजारी उभी होती, हातात मोबाईल, पडद्यावर आम्ही चौघं जोडलेले. बायांनी लसूण खाली ठेवला. पहिल्यांदाच त्या ऐकत होत्या. बोडीचं नाव निघालं तशी वच्छलाची बोटं पदरात आवळली गेली.

लीलाधर म्हणाले, "बोडी ठेक्यानं देऊन राहिलो. कोनाचा विरोध असंल तं आत्ताच सांगा. मागून कुरकुर नाही चालत."

"आमचा हाय जी," वच्छला जागेवरूनच म्हणाली. पण मी त्यांचं शेवटचं वाक्य अजून खोलीभर घुमवत होतो.

शामकलाबाईनं तिला ढोसलं. ती उठली, डोक्यावर पदर ओढून वळणापर्यंत आली. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर खुर्ची दिसली असती. तिला भासऱ्यांच्या चपला दिसल्या आणि पाय तिथेच थांबले. तिचं तोंड माझ्या इतकं जवळ होतं की श्वास माझ्या जाळीवर येत होता. ती पुन्हा म्हणाली, जीव एकवटून म्हणाली, "आमचा विरोध हाय."

त्याच क्षणी माझ्यातून लीलाधर गरजले, "नाही ना कोनाचा? तं मग मंजूर, सर्वानुमते."

मी तिचं ऐकलं. पण ऐकलेलं पुढे न्यायची वाट माझ्यात केलेलीच नाही. माझ्यातून आवाज फक्त बाहेर पडतो.

सभा उठल्यावर भूमिका धावत वळणाकडे आली. चेहरा फुललेला. "आई, स्पष्ट आलं ना सगळं?"

"हव. लय साफ आलं," वच्छला म्हणाली. मग माझ्याकडे बघत, हळूच, "मी 'नाई' म्हटलं होतं, बाई. दोनदा म्हटलं."

भूमिका तशीच मोठेबाबांकडे, म्हणजे लीलाधरांकडे, गेली. ते रागावले नाहीत. म्हणाले, तुह्याच डब्यातून विचारलं ना मी, साऱ्या गावानं ऐकलं. कोणी बोललं असतं तर मी थांबलो नसतो का? ते कदाचित खरंही असेल. ठराव पुढे गेला. ती तहसीलला खेटे घालून आली. सर्वानुमते या शब्दापुढे तिचं काही चाललं नाही.

आता बोडीला तार आहे. वच्छला दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जाते. डोंगा तिच्या अंगणात पालथा पडला आहे, त्यावर गोवऱ्या वाळतात. भूमिका गावातच आहे, पण या खोलीत येत नाही. माझे तीन भाऊ वाढदिवसांना आणि भजनांना फिरतात. मी दिवळीतच राहिलो, मला काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या ग्रामसभेला मला पुन्हा चार्ज करतील. आवाज कोपऱ्याकोपऱ्यात पोचेल, सगळे वाहवा करतील, आणि बाया ठराव नीट ऐकून घरी जातील. याहून वेगळं काही होईल असं मला वाटत नाही.

तरी दिवळीत बसल्या बसल्या एक मागणं करतो. कोणाचा विरोध आहे का, एवढं विचारून झालं, की मला बंद करा. आणि थोडं थांबा.