भामाने लावलेलं भात

तमिळनाडूत, तंजावूरकडच्या ओरत्तनाडूजवळच्या त्या गावात सांबशिवरावांचं खाचर सगळ्यांत खाली होतं. वरच्या शेतांमधलं पाणी उतरत उतरत त्यांच्या बांधाशी येऊन थांबायचं. पलीकडे निचऱ्याचा कालवा होता, पण तिथवर जाणारा जुना चर केव्हाच बुजला होता. त्याची उणीव कुणाला भासतही नसे. पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, पाऊस आटपायचा आणि कोरड्या शेतात कापणी व्हायची. अलीकडे मात्र पावसाला धरबंध उरला नव्हता. ऐन कापणीच्या तोंडावर तो कोसळायचा, भात आडवं पडायचं आणि लोंब्यांना शेतातच मोड फुटायचे.

म्हणून गावाच्या पाणी सभेने एक नियम केला. असा पाऊस आला की खालच्या दोन खाचरांपैकी एकाचा बांध फोडायचा आणि सगळं पाणी त्यातून कालव्यात काढून द्यायचं. एका खेपेला सांबशिवरावांचं खाचर, दुसऱ्या खेपेला शेजारच्या रामस्वामीचं. ज्याचं पीक जाईल त्याच्या घरी बाकीच्यांनी आपापल्या कापणीतून भात घालायचं. सभेत हे मांडलं होतं सांबशिवरावांच्या बायकोने, भामाने. पहिली पाळी रामस्वामीची आली. त्याचं शेत चिखलात गेलं, पण गाव वाचलं, आणि पुढच्या पिकापर्यंत त्याच्या चुलीवर गावाचा तांदूळ शिजला.

आता पाळी सांबशिवरावांची होती.

पोस्टातली नोकरी संपवून ते गावी आले, तरी शेती खरी भामाचीच. यंदा मजुरीच्या बायका कमी पडल्या, तेव्हा ती स्वतः पदर खोचून चिखलात उतरली. तिला लावणीची सवय नव्हती. तिच्या ओळी वाकड्या यायच्या, आणि रामस्वामीची बायको कामाक्षी तिला हसायची. लावणी झाली, दिवाळी झाली आणि भामाला ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता तिला तंजावूरच्या इस्पितळात न्यावं लागलं. तिथून ती परत आली नाही.

त्यानंतर सांबशिवराव रोज सकाळी बांधावर जाऊन बसत. भात पोटरीत आलं, निसवलं, पिवळं व्हायला लागलं. ते कुणाशी फारसं बोलत नसत.

पोंगल उलटला आणि पाऊस लागला. तिसऱ्या प्रहरी सभेची चिटणीस अखिला छत्री घेऊन त्यांच्या ओसरीवर आली. तिचं घराणंही त्यांच्यासारखं तंजावूरच्या मराठ्यांपैकीच, त्यामुळे ती त्यांना काका म्हणे.

"काका, पाणी गुडघ्यावर गेलंय. आज काढलं नाही तर वरचं सगळं कुजेल."

"रामस्वामीच्या शेतातून काढा."

अखिला छत्री मिटून ओसरीच्या कडेला टेकली.

"यानंतर दर खेपेला माझंच घ्या," ते म्हणाले. "यंदाचं तेवढं नको."

ती रामस्वामीकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तमिळमध्ये एवढंच म्हणाला, "ते भामाअक्कांच्या हातचं आहे. माझंच फोडू." कुदळ घेऊन तो निघाला.

सांबशिवरावांना तो ओसरीवरून जाताना दिसला. थोडा वेळ ते तसेच बसले. मग उठले आणि भिजत त्याच्या मागे गेले.

रामस्वामीच्या बांधावर कामाक्षी उभी होती. ती नवऱ्याला अडवत नव्हती. पाण्यात वाकून हाताला लागतील तेवढ्या लोंब्या ओरबाडत होती आणि पदरात टाकत होती.

"थांब, रामस्वामी."

"अण्णा, तुम्ही घरी जा."

"पाळी माझी आहे." मग ते अखिलाकडे वळले. "जमेल तेवढं कापून घेऊ दे, पोरी. मग फोडा."

अखिलाने हाका मारल्या. गावातल्या बायका विळे घेऊन आल्या आणि मांडीएवढ्या पाण्यात उतरल्या. कामाक्षी सगळ्यांत पुढे होती. आडव्या पडलेल्या ओल्या काड्या कापल्या जाईनात. खाचराचा एक कोपरा जेमतेम झाला असेल, तोवर पावसाचा जोर वाढला. वरून ओरडा ऐकू आला. तिकडचे बांध खचायला लागले होते. अखिला सांबशिवरावांकडे बघत राहिली.

"पुरे," तेच म्हणाले. "बायांनो, बाहेर या."

कुदळ त्यांनी दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नाही. बांध फुटला तसं गढूळ पाणी लोटलं, आणि भामाचं भात मुळांसकट कलंडून चिखलाखाली गेलं. ते बघत उभे राहिले. शेवटी कामाक्षीने दंडाला धरून त्यांना घरी आणलं.

कापलेल्या पेंढ्या त्यांनी घरात पसरल्या आणि पंखा लावून ठेवला. तरी त्यांना बुरशी आली, दाण्यांना कोंब फुटले. ती रास कामाक्षीने गाईपुढे टाकली, ते बाहेर गेलेले पाहून.

गावाची कापणी बरी झाली. ठरल्याप्रमाणे मोपेडवरून, सायकलवरून पोती येत गेली आणि त्यांच्या माजघरात थप्पी लागली. रामस्वामीचं पोतं पहिलं आलं.

"काका, बियाण्याची काळजी करू नका," अखिला म्हणाली. "तीच जात सभेच्या कोठीत आहे. पुढच्या हंगामाला देते."

"बी मिळेल गं," ते म्हणाले. "ते ठाऊक आहे मला."

उन्हाळ्यात सांबशिवरावांनी बांधालगतची जमिनीची पट्टी सभेला देऊन टाकली, पाणी परस्पर कालव्यात जावं म्हणून. सभेने तिथे नवा चर खणायला घेतला. ते नारळीच्या सावलीत बसून बघत असत. एकदा रामस्वामीने त्यांना चहा आणून दिला आणि खणणाऱ्यांकडे बघत सहज बोलून गेला, "हे एक वर्ष आधी सुचलं असतं, तर..."

बोलला आणि त्याने जीभ चावली.

सांबशिवरावांनी चहा संपवला. पेला त्याच्या हातात दिला, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि ते घराकडे चालू लागले.