देवीनं एक्केचाळीस दिला

खरं सांगते. हे दोन शब्द म्या त्या शनिवारपासनं इतक्यांदा म्हटले की आता माझ्या तोंडून निघाले की कुत्रंसुदिक मान फिरवतंय. पण सांगते.

आमच्या पासली गावाला मोटारसायकलच्या शर्यतीचा नाद लावला तो माझ्या नातीनं, मितालीनं. पोरगी तेवीस वर्षांची. सारोळ्याला हायवेच्या कडंला एका गॅरेजात कामाला हाय, तिथंच मावशीकडं राहती. दोन वर्षं झाली. मालक तिला पंक्चर काढू देतो, ऑईल बदलू देतो, आन् इंजिन उघडायची येळ आली की म्हणतो, "मिताली, तू जरा चहाचं बघ." तिला तर इंजिनच शिकायचंय. म्हणून तिचा जीव एका इनामात अडकला होता.

इनाम असं. देशातली मोठी शर्यत असती, वर्षात पाच येळा. दर शर्यतीच्या आधी बघणाऱ्यांनी मोबाईलवर भाकीत भरायचं, पहिले तीन गाडीवाले कोणते येणार. एकट्यादुकट्याचं चालत न्हाई, दहा जणांचा संघ लागतो, आन् दहाही जणांचे गुण एका ठिकाणी मोजतात. पाचवी शर्यत झाली की ज्याचा संघ वर, त्याच्या कप्तानाला एका टीमच्या मेकॅनिकांसंगं आठ दिवस काम करायला मिळणार. नुसतं बघायला न्हाई. पाना हातात घेऊन काम.

मितालीनं गावातले दहा गोळा केले. ती सोता कप्तान, मग मी, शेजारची अंबूबाई, टेम्पोवाला धनाजी, देवळातला गुरव गेनबा, आन् असेच आणखी पाच. आम्हाला त्यातलं कायबी कळत नव्हतं. मिताली फोनवर तीन गाडीवाल्यांचे नंबर सांगायची, आमी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन भरायचो, कारण आमच्याकडं रेंज तेवढ्याच जागी येती. चार शर्यती झाल्या आन् पासलीचा संघ समद्या देशात एक नंबरला!

पोरगी हे उगा काढत नव्हती. दर गाडीवाल्याच्या दर चकरेचा येळ ती वहीत लिहायची. कुणाचं टायर उशिरा तापतं, कोण शेवटी दमतो, कोण वळणावर घाबरतो. रविवारी जेवायला बसली तरी एका हातात भाकरी आन् एका हातात वही.

आता माझा इशय. दुसऱ्या शर्यतीनंतर टाकीपाशी धनाजीनं मला इचारलं, "अक्का, मितालीला हे आधी कळतं कसं?"

म्या सरळ म्हणायचं होतं की अभ्यास करती. पण समोर आठ माणसं तोंडाकडं बघत असताना अभ्यास म्हणजे कसं, बिनमिठाचं पिठलं. माझ्या जिभेला ते गोड लागंना.

म्या म्हटलं, "तिला कुठलं कळतंय? तिला मी सांगते. मी सोळा वर्षांची होते तवा आमची कपिली म्हैस घेऊन माहेराकडनं निघाले होते. भाटघरच्या धरणाच्या भिंतीवर एक साहेब फटफटी घेऊन आला आन् म्हशीला हॉर्न मारला. मला आला राग. मी बसले म्हशीवर. भिंत संपायच्या आत साहेब मागं! टोपी उडाली त्याची, ती अजून धरणात हाय. तवा गावदेवी माझ्या उजव्या कानात बोलली होती, ठके, आतल्या अंगानं घाल. तवापासनं फटफटीची शर्यत म्हटली की देवी कानात नंबर सांगती."

मला वाटलं, हसतील. हसलीच न्हाईत. दुसऱ्या दिवशी अंबूबाई पहिल्या चिकाचा खरवस घेऊन आली. धनाजी टेम्पो थांबवून "बसा अक्का, सोडतो" म्हणाया लागला. आता खरवस आला तर परत लावायचा का?

मितालीच्या कानावर गेलं तवा ती म्हणाली, "आजे, माझी सगळी सुट्टी त्या वहीत जाते आणि तू सांगतेस म्हशीनं शिकवलं?"

"देवीनं," म्या म्हटलं. "म्हशीनं कुठं?"

तवा ती हसली. तवाच तिनं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाचवी शर्यत आली. शुक्रवारी तिकडं दक्षिणेत गाडीवाल्यांचा सराव झाला, आन् संध्याकाळच्या एसटीनं मिताली घरी आली. दारातनंच म्हणाली, "अठरा, त्रेसष्ट, सात. ह्याच क्रमानं. एक्केचाळीस नंबरवाल्याला सगळे पहिला धरणार, कारण तो दोन शर्यती जिंकलाय. पण आज तो पडला, मनगट दुखावलंय त्याचं. सुरुवात जोरात करेल, पण शेवटपर्यंत हात टिकणार नाही. आपण दुसऱ्या संघाच्या जरासंच पुढं आहोत आजे. उद्या दुपारी बारापर्यंत सगळ्यांनी एवढंच भरायचं."

"भरतील की," म्या म्हटलं. मी तर सकाळी शेण काढायच्या आधीच टाकीपाशी जाऊन माझं भरून आले. अठरा, त्रेसष्ट, सात.

दहा वाजले तरी टाकीपाशी दुसरं कुणी फिरकलं न्हाई. बघते तर समदी मंडळी देवळात. गेनबा आंघोळ करून, टोपी घालून देवीपुढं बसलेला. धनाजीच्या हातात गाडीवाल्यांच्या नंबरांचा कागद.

"हे काय चाललंय रं?" म्या इचारलं.

"कौल लावतोय," धनाजी म्हणाला. "अक्का, राग मानू नगा. देवी तुमच्या कानात सांगती, तुमी मितालीला सांगता, मिताली आम्हाला सांगती. शेवटची शर्यत हाय. मधी एवढी माणसं कशाला? थेट देवीलाच इचारू की."



आमच्याकडं कौल लावायचा म्हणजे असं असतंय. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो आन् प्रश्न इचारतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लगीन, इहिरीची जागा, भांडण, समद्याला आमी हेच करतो. आन् एकदा उजवा कौल पडला की त्यो इशय मिटला. परत इचारायचं न्हाई, फिरवायचं न्हाई. माझ्या सासूचं सासऱ्यासंगं लगीन असंच ठरलं होतं, आन् दोघं जलमभर भांडली, पण कौल कुणी फिरवला न्हाई.

"आई, सात नंबर पयला येणार का?" गेनबा म्हणाला. डावी पडली.

"आई, अठरा?" डावी.

"अरं थांब!" म्या वरडले. "मी खोटं बोलले होते! देवी माझ्या कानात कायबी बोलत न्हाई. पोरगी वहीत लिहून काढती समदं!"

अंबूबाईनं तोंडाला पदर लावला. "बघा, हिची थट्टा देवळात बी सुटंना."

"अगं थट्टा न्हाई. ती म्हैस बी खोटी, साहेब बी खोटा!"

"मग टोपी?" धनाजी म्हणाला, आन् समदी हसली.

तेवढ्यात गेनबा म्हणाला, "आई, एक्केचाळीस?" आन् उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली, देवीच्या पायापाशी पडली. त्या पाकळीला पाणी कमी लागलं होतं, म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. पण सांगू कुणाला? धनाजीनं घंटा बडवली.

मिताली पळत आली ती वही घेऊनच. उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगाया लागली. पडल्यावर एक्केचाळीसचा येळ कसा वाढत गेला, डाव्या वळणावर तो किती मागं पडतो, आकडे बोट ठेवून दाखवत होती. समद्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पावण्याचं ऐकतात तसं.

गेनबा म्हणाला, "पोरी, तुझं बरोबर असंल. पण कौल झालाय. आता मी दुसरं भरलं तर उद्या कुठल्या तोंडानं पाकळी लावू?"

हे ऐकल्यावर मला काय सुचलं बघा. खरं चालंना म्हणून म्या उजव्या कानावर हात ठेवला आन् डोळे मिटले. "थांबा! देवी बोलती! अठरा म्हणती, अठरा!"

"कौल पडल्यावर कानातलं चालत न्हाई, अक्का," धनाजी म्हणाला.

म्या डोळे उघडले तवा मिताली माझ्याकडं बघत होती. चिडली असती तर चाललं असतं. ती नुसती बघत होती, मग वही बगलेत मारून निघून गेली.

बाराच्या आत आठ जणांनी टाकीपाशी उभं राहून एक्केचाळीस पहिला भरला. दुसरा-तिसरा देवीला इचारायचा राहिला होता, तो ज्याच्या त्याच्या मनानं. धनाजीनं टेम्पोच्या नंबरातले आकडे घातले. अंबूबाईनं सुनेला कितवा म्हयना चाललाय ते घातलं.

रविवारी टाकीला लागून असलेल्या धनाजीच्या अंगणात समदे एका मोबाईलभवती बसलो. मिताली मागं भिंतीला टेकून. शर्यत सुटली आन् एक्केचाळीस नंबर पयला! अंगण उठून उभं राहिलं. अंबूबाईनं मोबाईललाच हात जोडले. चार चकरा तो पुढं होता. मिताली हळूच म्हणाली, "आता बघा डावं वळण." पाचव्या चकरेला अठरा त्याच्या पुढं गेला. मग त्रेसष्ट. मग सात. मग बाकीचे, एसटी सुटल्यावर माणसं चढावीत तसे एकामागं एक. आठव्या चकरेला त्यानं गाडी आत नेली आन् मनगट धरून खाली बसला.

अठरा, त्रेसष्ट, सात. पोरीनं सांगितल्या क्रमानं. पासलीचा संघ एक नंबरवरनं अकरावर.

 अंबूबाई म्हणाली, "संघात कुणीतरी येगळं भरलं असंल. म्हणून देवी रुसली."

"एकमत पायजे व्हतं," धनाजी म्हणाला, आन् समद्यांनी वळून मितालीकडं बघितलं. माझ्याकडं न्हाई बरं का! खोटं मी बोलले, पाकळी गेनबाची सुकी, आन् बोल त्या पोरीला, जिचं एकटीचं खरं ठरलं तिला.

"अरं तिच्यावर काय डोळे वटारताय?" म्या वरडले. "येगळं तर म्या बी भरलंय!"

"राहू द्या अक्का," धनाजी म्हणाला. "नातीला वाचवायला कायबी बोलाल."

घरी आलो. मिताली अंगणातच उघडून ठेवलेला निकाल मोबाईलवर बघत म्हणाली, "दहातल्या दोघांचं बरोबर दाखवतंय. एक मी. दुसरं कोण असेल?"

"मी."

"आजे, पुरे आता."

"अगं खरंच मी!"

"पुरे म्हटलं ना."

म्या कनवटीचा मोबाईल काढला आन् तिच्या पुढ्यात आपटला. तिनं उघडून बघितलं. शनिवार सकाळ, अठरा, त्रेसष्ट, सात. 

"मग तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास," ती म्हणाली.

"मग! तुझ्यावर न्हाई ठेवायचा तर काय गेनबाच्या पाकळीवर?"

"आजे, मेकॅनिकांबरोबरचे ते आठ दिवस गेले त्याचं वाईट वाटतंच. पण ते नंबर माझे होते गं. मी काढलेले. गावात एकाला तरी वाटलं का, की मितालीला कळतंय? सगळ्यांना वाटलं तुला कळतंय. आणि तू वाटू दिलंस."

म्या मोबाईल उचलून परत कनवटीला खोचला. 

सोमवारी पहाटेच्या एसटीला सोडायला गेले. म्हटलं, "पुढल्या वर्षी?"

"सारोळ्यात माणसं बघते."

"मला घेशील?"

गाडीत चढली, खिडकीतनं वाकून म्हणाली, "घेते. पण आणखी आठ लागतात. ते तू आण. खरं सांगून आण. एक जरी गोष्ट घातलीस तर तुझं नाव काढते."

तवापासनं मी फिरतीये. वाड्यावस्त्यांवर माझ्या गोष्टी ऐकायला माणसं कामं सोडून बसायची, आन् आता टायर म्हटलं की प्रत्येकाला गुरांना पाणी दाखवायचं आठवतं. धनाजी म्हणतो टेम्पो भरायचाय. गेनबा म्हणतो इचार करून सांगतो. परवा अंबूबाईला गाठली. ओसरीवर तांदूळ निवडत होती, उठून जायची सोय नव्हती.

"ऐक," म्या म्हटलं. "टायर थंड असलं की गाडी घसरती. ते तापायला तीन चकरा लागतात. म्हणून पहिल्या तीन चकरा कोण पुढं हाय ते बघायचंच न्हाई."

"तुला कसं ठावं?"

"मितालीनं सांगितलं."

"व्हय का." सुपातला खडा काढून तिनं अंगणात फेकला. मग सरकून माझ्या जवळ आली आन् आवाज बारीक करून म्हणाली, "आन् तिला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. तिनं मोजलं."

"ठके, मला तरी खरं सांग की गं."

म्या तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आन् खाली ठेवलं.

"इकडं बघ," म्या म्हटलं. "पयल्यापासनं सांगते. टायर थंड असलं की..."