ऐकलंस ते सांग

"हा दिवा बघ, तल्ली, पोरी. हिरवा आहे ना? पक्का खोटारडा आहे."

वडिलांसोबत काम करणाऱ्या यादगिरी बाबाईंनी, म्हणजे काकांनी, पंपहाऊसमधलं कपाट उघडून दाखवलं. माझ्या वडिलांची, नान्नांची, हत्यारांची पिशवी कामावर परत द्यायला मी आले होते. अकरावा कालच झाला.

गोदावरीकाठच्या या वीज केंद्रात नान्नांनी एकतीस वर्षं काढली. हुकूम इकडून तिकडे पोचवणाऱ्या दोन स्विचांमध्ये काचेचे दोन धागे असतात. एकातून आपलं बोलणं जातं, दुसऱ्यातून समोरच्याचं येतं. जाणारा धागा तुटला तरी समोरचं ऐकू येत राहतं, म्हणून इकडचा दिवा हिरवाच. नान्नांनी एकदा त्या दिव्यावर विसंबून 'लाइन चांगली' अशी सही केली. पंप थांबवायचा हुकूम पलीकडे पोचलाच नाही. पंपात हात घातलेल्या बाबाईंची दोन बोटं गेली.

तेव्हापासून प्रत्येक स्विचला नान्नांनी शिस्त लावली. आपलं नाव पाठवायचं, ते पलीकडून परत आलं नाही तर लाइन बंद करायची. माणसांनाही तीच शिस्त.

"काय म्हणालो? ऐकलंस ते सांग."

"मीठ आणायचंय, मीठ! आता लिहून देऊ?" अम्मा वैतागायची.

शेवटचा फोन आला तेव्हा मी हैदराबादला ऑफिसात होते. बोलून झाल्यावर त्यांनी तेच विचारलं.

"नान्ना, मी काय तुमचा स्विच आहे? ठेवते, मीटिंग आहे."

संध्याकाळी ते गेले.

छाती जड वाटतेय, एवढं मला आठवत होतं. पुढेही काही होतं. तेव्हा मी मेल वाचत होते.

"बाबाई, त्या फोनच्या वेळी तुम्ही जवळ होता?"

"इथंच."

"काय सांगितलं त्यांनी मला?"

बाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तीन बोटांनी कपाटाचं दार घट्ट धरलं.

"म्हणाला, छाती जड वाटतेय. रविवारी येशील का? डॉक्टरकडे एकट्यानं जायची भीती वाटते." मग हळूच म्हणाले, "तुझा आवाज मात्र नीट येत होता त्याला."

त्यांनी तुटलेला धागा बदलला, त्याच लाइनवरून पलीकडच्या माणसाला फोन लावला. "मी कोण बोलतोय?"

"यादगिरी!" फोनमधून उत्तर आलं.

"झालं," म्हणून ते बाहेर गेले.

मी पिशवी कपाटापाशी ठेवली.

"छाती जड वाटतेय," मी म्हटलं. "रविवारी येशील का? डॉक्टरकडे एकटं जायची भीती वाटते."

पंप चालू होते. एक शब्द चुकल्यासारखा वाटला. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.