महिषासुराचं वाक्य

सकाळी सव्वासातला बुध्याची तलवार जिवाच्या गळ्यात घुसली.

सूर्यमाळजवळच्या पाड्यावर बोहाड्याचा, देवादैत्यांच्या सोंगांच्या उत्सवाचा, शेवटचा दिवस होता. देवीचं सोंग बुध्याच्या घराकडे, महिषासुराचं जिवाच्या. मुखवटे पणजोबांच्या वेळचे, लाकडी. देवीने तलवार छातीला टेकवायची, महिषासुराने पडायचं. मुखवटा चढला की सोंगाने बोलायचं नाही.

जव्हारच्या कॉलेजात नाटकाची बक्षिसं घेऊन जिवा मुंबईला गेला, चार वर्षं राहिला. मालिकांत त्याला गोळ्या घातल्या, कड्यावरून ढकललं, एकदा जाळलं. वाक्य कधीच दिलं नाही. "तू फक्त मर," दिग्दर्शक म्हणायचा. वाक्यं त्याच्याजवळ पुष्कळ होती. बापाच्या ट्रान्झिस्टरवर नभोनाट्यं ऐकायची आणि गुरांमागे ती मोठ्याने म्हणायची, यातच तो वाढला होता. रेडिओच्या आवाज चाचणीत दोनदा नापास झाला. तिसरी मंगळवारी होती.

मुखवटा बांधताना बुध्या हसला. "काय हिरो, इथं तरी नीट मर. रिटेक नाय भेटायचा."

"आज नाय मरत, बुध्यादादा."

"मंग काय भाषण करतोस?"

संबळ चढला. बुध्याच्या अंगात आलं. तलवार छातीला टेकली, जिवा पडला नाही. मुखवट्याआडून स्वच्छ, भरदार आवाज आला, "देवी, मारण्याआधी माझं नाव विचार!"

संबळ थांबला.

"सोंग बोललं!" म्हातारे मागे सरले. "पाड त्याला! पाड रं!"

बुध्याने तलवारीच्या मुठीने जिवाचा मुखवटा ठोकला. जिवा झोकांडला, पुन्हा उभा राहिला. "नाव विचार!"

पुढचा वार सरळ गळ्यावर आला. पातं बोथट होतं. त्याने कापलं कमी, चेचलं जास्त. जिवा गुडघ्यावर आला, मग तोंडावर. लोकांनी सवयीने जयजयकार केला. त्याची आई गोदी ओरडत धावली, तेव्हा कुठे जयजयकार थांबला.

जीपमध्ये तिने गळ्यावर लुगड्याचा बोळा दाबून धरला होता. जिवाचे ओठ हलत होते. "बोलू नको रं पोरा. आता तरी बोलू नको."

मोखाड्याहून त्याला नाशिकला हलवलं. गळ्यात नळी घातली. बुध्या पोलीस ठाण्यात एवढंच सांगतो, "मी नव्हतो, देवी होती. तो बोलला कशाला, त्यालाच विचारा."

मंगळवार गेला. बुधवारी हवालदार जबाबाला आला. "बुध्यानं मुद्दाम मारलं? लिहून दे," म्हणत त्याने पेन पुढे केलं. जिवाने ते परत त्याच्या हातात ठेवलं आणि ओठ हलवले. हवालदार वाकला, बराच वेळ वाकून राहिला. काही ऐकू आलं नाही.

नळी काढल्याशिवाय आवाजाचं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. नळी अजून काढलेली नाही.